टोल्युइडिन ब्लू लावला तरी मास्ट सेल जांभळ्या येत नाहीत : बाळांच्या त्वचेच्या गाठींमध्ये पुन्हा पुन्हा येणारी अडचण

अडचण अशी आहे. लहान बाळाच्या पाठीवर किंवा दंडावर पिवळसर-तपकिरी गाठ असते. तिची तीन-चार मिलिमीटरची पंच बायोप्सी (गोल पात्याने काढलेला त्वचेचा तुकडा) येते. एच अँड ई, म्हणजे नेहमीच्या रंगाच्या, स्लाइडवर त्वचेच्या वरच्या थराखाली गोलसर पेशींचा दाट थर दिसतो, मध्ये मध्ये इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी. पॅथॉलॉजिस्ट सर ट्रेवर चिठ्ठी ठेवतात, ‘टोल्युइडिन ब्लू करा’. हा रंग लागला की मास्ट सेल, म्हणजे ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी, जांभळ्या दिसतात. आपण करतो, आणि स्लाइड निघते निळीच्या निळी. जांभळ्याचा ठिपका नाही. रिपोर्टात जातं, ‘मास्ट सेल आढळल्या नाहीत’. पुढे महिन्या-दोन महिन्यांनी तोच ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) मोठ्या सेंटरला तपासला जातो आणि तिथून उत्तर येतं, मास्टोसायटोमा.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका रुग्णालयाच्या हिस्टोपॅथॉलॉजी विभागात टेक्निशियन आहे. हे माझ्या हातून झालंय. आसपासच्या जिल्ह्यांतले टेक्निशियन भेटतात तेव्हा तेही हेच सांगतात. म्हणून जे जे सापडलं ते सविस्तर लिहिते आहे. टेक्निशियनसाठी आहेच, पण ग्रामीण रुग्णालयात बायोप्सी काढणाऱ्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनीही वाचावं. यातला निम्मा दोष लॅबच्या दारात येण्याआधीच घडलेला असतो.

आधी, ही चूक महाग का पडते ते. बाळाच्या अंगावर अशी पिवळसर गाठ दिसली की मनात तीन नावं येतात. मास्टोसायटोमा, म्हणजे मास्ट सेलचा साठा. एकटी गाठ असेल तर बहुतेक मुलांमध्ये वय वाढेल तशी आपोआप ओसरते, फक्त जपावं लागतं. दुसरं, जुव्हेनाइल झँथोग्रॅन्युलोमा. तीही सहसा काही वर्षांत बसते. तिसरं, लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस. याचं मात्र वेगळं. ते कधी त्वचेपुरतं राहतं, तर कधी हाडं, यकृत, रक्त बनवणारी अस्थिमज्जा यांच्यापर्यंत पोचलेलं असतं. तिथे अंगभर तपासण्या लागतात आणि काही मुलांना केमोथेरपी. सुरुवातीच्या गाठीत या तिन्हींच्या पेशी एच अँड ईवर एकमेकींच्या इतक्या जवळ दिसतात की अनुभवी डोळाही थबकतो. झँथोग्रॅन्युलोमा नवा असेल तर त्यातल्या ओळखीच्या टूटन जायंट सेल (अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी) अजून तयारच झालेल्या नसतात. इओसिनोफिल तर पहिल्यातही भेटतात आणि तिसऱ्यातही. म्हणजे एका आईला ‘काळजी करू नका, थांबू’ सांगायचं की ‘उद्याच नागपूरला निघा’ सांगायचं, हे आपल्या काचेवरच्या रंगावर येऊन ठेपतं. पोडावरच्या, म्हणजे आदिवासी वस्तीवरच्या, माणसाला नागपूर म्हणजे मजुरीचे दोन दिवस बुडाले, वर गाडीभाडं, आणि रात्री झोपायचं कुठे हा प्रश्न.

पहिली गोष्ट : त्याच सेक्शनमधला (तुकड्याच्या पातळ कापामधला) साक्षीदार शोधा

स्लाइड निळी आली की पुन्हा स्टेन करायला धावू नका. गाठीवरून नजर काढा आणि कडेला जा, जिथे बाळाची साधी, निरोगी त्वचा आहे. डर्मिसमधल्या, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरातल्या, छोट्या रक्तवाहिन्यांभोवती प्रत्येक माणसाच्या त्वचेत थोड्या मास्ट सेल असतातच. त्या जांभळ्या दिसल्या का?

दिसल्या, आणि गाठीतल्या पेशी निळ्याच राहिल्या, तर तुमचा स्टेन चांगला आहे आणि ‘नाही’ म्हणायला आधार आहे. पण वाहिन्यांभोवतीसुद्धा एकही जांभळी पेशी दिसत नसेल, तर ती स्लाइड काहीच सांगत नाही. तिला निगेटिव्ह म्हणायचं नाही, फेल म्हणायचं. हा फरक मी कामाला लागल्यावर फार उशिरा शिकले. कंट्रोल स्लाइड (जिला रंग लागतो हे आधीच ठाऊक असतं) वेगळी लावतोच आपण, पण ती दुसऱ्याच माणसाची, दुसऱ्याच दिवशी फिक्स केलेली (फॉर्मलिनमध्ये टिकवलेली) त्वचा. ती जांभळी आली म्हणजे रंग चांगला आहे एवढंच कळतं. या बाळाचा तुकडा वाटेत बिघडला नाही ना, ते फक्त याच तुकड्यातली निरोगी कड सांगते.

यासाठी बायोप्सी काढणाऱ्यांना एक विनंती. शक्य असेल तिथे पंच गाठीच्या मधोमध न मारता किंचित कडेला मारा, थोडी चांगली त्वचा येऊ द्या.

आमच्याकडे सापडलेला दोष : बोअरचं पाणी

एका उन्हाळ्यात लागोपाठ तीन स्लाइड फेल गेल्या. कंट्रोलही फिका. आधी वाटलं डायच खराब असेल, म्हणून नवी बाटली फोडली. लेबलवर सी.आय. ५२०४० हा नंबर बघितला, डाय कंटेंट बघितला. सगळं ठीक, तरी स्लाइड निळीच.

मग एक एक पायरी मागे गेले. आमची रीत अशी. एक ग्रॅम टोल्युइडिन ब्लू ७० टक्के अल्कोहोलच्या १०० मिलीमध्ये विरघळवून स्टॉक ठेवायचा. ऐन वेळी एक टक्का मिठाचं पाणी करायचं, म्हणजे ५० मिलीला अर्धा ग्रॅम सोडियम क्लोराइड. हायड्रोक्लोरिक ॲसिडने त्याचा पीएच २.३ च्या आसपास आणायचा. त्यातल्या ४५ मिलीत ५ मिली स्टॉक घालायचा आणि लगेच वापरायचं. उरलं ते टाकून द्यायचं.

पण रोजच्या घाईत ‘पीएच आणायचा’ याचं ‘इतके थेंब टाकायचे’ कधी झालं, कुणाच्या लक्षात आलं नाही. कधीकाळी कुणीतरी मोजून बघितलं होतं आणि थेंबांचा आकडा बाटलीवर चिकटवून ठेवला होता. डिस्टिल्ड वॉटरला तो बरोबरच होता. त्या एप्रिलमध्ये मात्र डिस्टिलेशनचं कॉइल जळलं, कॅन संपला, आणि मी स्वतः दोन आठवडे बोअरचं पाणी गाळून वापरत होते. स्वच्छ दिसत होतं, म्हणून.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट किती असतं ते चहाच्या पातेल्याला बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून कळतं. ठरलेल्या थेंबांतलं ॲसिड त्या बायकार्बोनेटनेच खाऊन टाकलं. पट्टी बुडवून बघितली तर रंग सहाच्या आसपासचा! दोन पूर्णांक काहीतरी पाहिजे होतं तिथे सहा.

आता पीएचचा आणि जांभळ्या रंगाचा संबंध काय? मास्ट सेलच्या दाण्यांमध्ये हेपारिन असतं आणि हेपारिनवर सल्फेटची गर्दी असते. टोल्युइडिन ब्लूचे रेणू तिथे इतके जवळ जवळ चिकटतात की रंगच पालटतो आणि निळ्याचा जांभळट लाल होतो. याला मेटाक्रोमेझिया म्हणतात. खूप आम्लधर्मी पाण्यात फक्त असे कडक आम्ल गटच डायला पकडून ठेवतात, बाकीचे सुटतात आणि पार्श्वभूमी फिकी निळी राहते. पीएच चढला की बाकीचे गटही डाय ओढतात. सगळं सेक्शन गडद निळं होतं आणि जांभळं त्यात बुडून जातं. पॉल एर्लिक यांनी १८७८ मधल्या आपल्या प्रबंधात या पेशी वेगळ्या ओळखल्या, त्याही ॲनिलिन रंगांची ही पालटण्याची खोड बघूनच. पेशी दाण्यांनी ठासून भरलेल्या दिसल्या, त्यांना वाटलं भरपूर खाऊन फुगल्यात, म्हणून जर्मनमध्ये चारून पुष्ट करण्याच्या शब्दावरून त्यांनी नाव दिलं ते ‘मास्ट’. म्हणजे ही पेशी जगाला कळली तीच रंगामुळे. रंग चुकला तर ती पुन्हा दिसेनाशी होते.

उपाय साधा होता. थेंबांची चिठ्ठी फाडून टाकली आणि त्या जागी कमी पल्ल्याची पीएच पट्टी लावून ठेवली. पट्टी २.५ च्या खाली दिसल्याशिवाय स्टॉक घालायचा नाही. डिस्टिल्ड वॉटर नसेल तर त्या दिवशी हा स्टेन करायचा नाही. सरांना तसं सांगायचं. सर ऐकतात.

दुसरा दोष : अल्कोहोलमध्ये रेंगाळणं

पाणी सुधारल्यावर कंट्रोल चांगला येऊ लागला, पण एका बाळाची स्लाइड तरीही फिकीच. हे बाळ पांढरकवड्याकडच्या एका पोडावरचं, सात महिन्यांचं. तिथून मला जी सवय लागली ती आज मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. स्लाइड ओली असतानाच बघा.

म्हणजे असं करा. स्टेन दोन-तीन मिनिटं, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये तीन धुणी. इथेच थांबा. स्लाइडची मागची बाजू पुसा, सेक्शनवर पाण्याचा थेंब राहू द्या, वर कव्हरस्लिप ठेवा आणि मायक्रोस्कोपखाली न्या. मी नेली तेव्हा गाठभर जांभळं पसरलेलं होतं. पिकलेल्या जांभळांचा रस पांढऱ्या कापडावर पडावा तसा रंग, पेशीपेशीत बारीक दाणे, मध्ये निळं केंद्रक. मी जागच्या जागी मोबाइलवर फोटो काढला. मग नेहमीच्या रीतीने स्लाइड ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवली आणि तेवढ्यात खिडकीवर कुणीतरी सॅम्पल घेऊन आलं. मी उठले, पावती दिली, परत आले. माउंट करून (कव्हरस्लिप कायमची चिकटवून) बघितलं तर अर्धं जांभळं गेलेलं.

अल्कोहोल हा रंग झपाट्याने उतरवतं. ९५ टक्क्यात दहा बुचकळ्या, ॲब्सोल्यूटमध्ये दहा, की लगेच झायलीन. मध्ये फोन नाही, पावती नाही. त्याहूनही जपायचं असेल तर अल्कोहोल टाळा. फिल्टर पेपरने हलकेच टिपा, हवेत पूर्ण वाळू द्या, मग झायलीनमध्ये बुडवून माउंट करा. ओलसर स्लाइड झायलीनमध्ये गेली तर दुधाळ होते, म्हणून वाळण्याची घाई नको. आमच्याकडे मे महिन्यात पंख्याखाली काही मिनिटांत वाळते. पावसाळ्यात वेळ लागतो.

त्या बाळाची आजी रिपोर्टसाठी आली होती. मी सहज विचारलं, ‘‘आजी, ही गाठ कधी कमी-जास्त होते का?’’ ती म्हणाली, ‘‘होते ना मॅडम. याले गरम पाण्यानं आंघोळ घातली, टावेलानं पुसलं का टम्म फुगते पहा. लालभडक होते. मंग घंट्याभरानं बसते.’’

वैद्यकीय पुस्तकात याला डॅरिअर साइन म्हणतात. चोळल्यावर मास्ट सेल आपला हिस्टामिन सोडतात आणि गाठ फुगते. आजीला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बायोप्सीच्या फॉर्मवर मात्र एवढंच लिहिलेलं होतं : ‘गाठ, पाठ, सात महिने’. ती एक ओळ फॉर्मवर असती तर सरांनी पहिली फिकी स्लाइड बघूनच ती पुन्हा रंगवायला सांगितली असती. आता आमच्या फॉर्मवर हा प्रश्न छापलेला आहे : चोळल्यावर किंवा आंघोळीनंतर गाठ फुगते का? सिस्टर तो आईला नाहीतर आजीला विचारतात, कारण बाळाला आंघोळ त्याच घालतात.

भूल देण्याचंही इथेच सांगते. सुई थेट गाठीत घातली किंवा गाठ आधी खूप दाबली-चोळली, तर मास्ट सेल आपले दाणे जागीच सोडून देतात आणि रिकाम्या पेशीला रंग धरायला काही उरत नाही. भूल गाठीच्या बाजूला द्यायची. आणि साइन तपासायचीच असेल तर एकदाच, हलक्या हाताने. मोठी गाठ जोरात चोळली तर बाळाला अंगभर लाली, उलटी, कधी रक्तदाब घसरणं असं होऊ शकतं.

तिसरा दोष : डबी

दोन्ही गोष्टी बरोबर असून साक्षीदार पेशीही मुक्या असतील, तर डबीचा इतिहास काढा. कोणत्या दवाखान्यातून आली, कशात आली, किती वाजता काढली, आमच्याकडे किती वाजता पोचली.

खेड्यातून येणारे तुकडे कशा कशात येतात! सलाइनमध्ये. स्पिरिटमध्ये. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत, जिच्या अरुंद तोंडातून मऊ तुकडा ढकलून आत घातलेला असतो आणि फिक्स होऊन कडक झाल्यावर बाहेर निघतच नाही, मग चिमट्याने ओढताना त्याच्या चिंध्या होतात. एकदा ओल्या गॉजमध्ये गुंडाळलेला तुकडा आला. एसटीच्या खिडकीत पिशवी लटकवलेली, मे महिना, बाहेर ४५ अंश. गॉज वाळून तुकडा चामड्यासारखा झाला होता. आणणारा बाप दोन बस बदलून, उपाशीपोटी आला होता. त्याला ‘पुन्हा काढावं लागेल’ हे सांगताना माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

सलाइनमध्ये तुकडा टिकत नाही, तो आतून कुजत जातो. उन्हाळ्यात काही तासांतच पेशींच्या कडा विरघळलेल्या दिसतात. स्पिरिटचं जरा वेगळं आहे. टोल्युइडिन ब्लूसाठी ते फारसं वाईट नाही, हेपारिनचे दाणे अल्कोहोलमध्ये टिकतात. पण पुढे याच ब्लॉकवर एस-१०० ची अँटिबॉडी (ते एकच प्रथिन शोधून त्याला चिकटणारा पदार्थ) लावायची वेळ आली तर फसगत होते. एस-१०० हे प्रथिन मुळातच विरघळणारं. त्याचं नावच त्यावरून पडलं, अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळलेलंच राहतं म्हणून. अल्कोहोलमध्ये फिक्स झालेल्या तुकड्यात ते निगेटिव्ह येऊ शकतं. आणि लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिसमध्ये तेच पॉझिटिव्ह यायला हवं असतं. म्हणून स्पिरिटमध्ये आलेला तुकडा असेल तर रिपोर्टच्या पहिल्या ओळीत ते लिहून टाका.

फॉर्मलिन असेल तर तेही कसलं, ते विचारा. मोठ्या कॅनमधलं फॉर्मलिन नळाच्या पाण्यात एकास नऊ मिसळून महिनोन्महिने ठेवलं की त्यात फॉर्मिक ॲसिड तयार होत जातं. अशा आंबट फॉर्मलिनमध्ये रक्त असलेल्या तुकड्यावर तपकिरी-काळे ठिपके उमटतात. हा फॉर्मलिन पिगमेंट. बाळाच्या गाठीत तो मेलॅनिन समजला गेला तर निदान भलत्याच वाटेला जातं. पोलराइज्ड प्रकाशात हे ठिपके चमकतात, मेलॅनिन चमकत नाही. अल्कोहोलमधल्या संपृक्त पिक्रिक ॲसिडने ते निघूनही जातात. पण ते मुळात येऊच नयेत हे बरं.

बफर फॉर्मलिन घरच्या घरी होतं. १०० मिली फॉर्मल्डिहाइड, ९०० मिली डिस्टिल्ड वॉटर, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. पीएच सातच्या आसपास येतो. आम्ही हे करून रुंद तोंडाच्या छोट्या प्लास्टिक डब्यांत भरतो, तारीख टाकतो आणि आसपासच्या ग्रामीण रुग्णालयांना आठवडी गाडीबरोबर देऊन ठेवतो. खर्च किरकोळ आहे. तुकड्याच्या किमान दहापट, जमलं तर वीसपट द्रव पाहिजे. तीन मिलिमीटरच्या पंचला छोटी डबी भरून फॉर्मलिन म्हणजे भरपूर झालं. तुकडा काढला की त्याच मिनिटाला आत टाकायचा. सहा तासांच्या आत प्रोसेसिंगला घ्यायचा नाही आणि तीन दिवसांपलीकडे आत पडू द्यायचा नाही. शनिवारी आलेली डबी सोमवारपर्यंत चालते. दिवाळीच्या सुट्टीत कपाटात विसरलेली नाही चालत.

एक गोष्ट आधीच ठरवायला लागते. झँथोग्रॅन्युलोमाची शंका असेल आणि सरांना पेशींमधली चरबी ऑइल रेड ओने बघायची असेल, तर तुकड्याचा एक भाग फॉर्मलिनमध्येच मागे ठेवा आणि त्याचे फ्रोझन सेक्शन कापून घ्या. एकदा का तुकडा अल्कोहोल आणि झायलीनमधून पॅराफिनमध्ये गेला की चरबी विरघळून गेलेली असते. नंतर कितीही रंगवा, लाल काही दिसणार नाही.

अँटिबॉडीच्या स्लाइडलाही हाच नियम

आमच्याकडे इम्युनोची, म्हणजे अँटिबॉडी लावून पेशी ओळखण्याची, सोय मोजक्याच अँटिबॉडींची आहे, बाकीसाठी ब्लॉक बाहेर जातो. पण ‘निगेटिव्ह’ लिहिण्याआधी साक्षीदार बघण्याची सवय तिथे आणखी उपयोगी पडते, कारण त्वचेत जवळपास प्रत्येक अँटिबॉडीचा साक्षीदार आधीच बसलेला आहे.

सीडी१ए लावली तर वरच्या एपिडर्मिसमध्ये फांद्याफांद्यांच्या लँगरहॅन्स पेशी तपकिरी दिसल्याच पाहिजेत. त्या दिसल्या आणि खालची गाठ कोरी राहिली, तर लँगरहॅन्स सेल हिस्टिओसायटोसिस मागे पडतं. त्या दिसल्याच नाहीत, तर कोऱ्या गाठीला काही अर्थ नाही. या पेशींचीही एक गोष्ट आहे. पॉल लँगरहॅन्स यांनी विद्यार्थिदशेतच, १८६८ मध्ये, गोल्ड क्लोराइडने रंगवून त्या पहिल्यांदा दाखवल्या आणि फांद्या बघून त्यांना चेतापेशी मानलं. रंग उत्तम लागला होता, वाचन चुकलं होतं. रंगाने पेशी दाखवली तरी ती कोण हे ठरवायला दुसरा पुरावा लागतो, म्हणून एका अँटिबॉडीवर कधीच भागत नाही. सीडी१ए आणि लँगरिन दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर लँगरहॅन्सची गाठ. सीडी६८, सीडी१६३, फॅक्टर तेरा-ए पॉझिटिव्ह आणि सीडी१ए निगेटिव्ह असेल तर झँथोग्रॅन्युलोमाकडे कल. सीडी११७ आणि ट्रिप्टेज असतील तर मास्ट सेल.

सीडी११७ मेलॅनोसाइटमध्येही येते. एपिडर्मिसच्या तळाशी तपकिरी पेशी दिसल्या तर दचकू नका, तो तुमचा साक्षीदार आहे. एस-१०० ला त्वचेतल्या छोट्या नसा. स्मूथ मसल ॲक्टिनला वाहिन्यांच्या भिंती आणि केसाच्या मुळाशी असलेला अंगावर काटा आणणारा स्नायू. सीडी३४ ला वाहिन्यांचं अस्तर.

ग्लट-१ या अँटिबॉडीबद्दल जरा जास्त सांगते, कारण ही चूक बाळाला फार त्रास देते. इन्फंटाइल हिमँजिओमा, म्हणजे बाळांमधली नेहमीची लाल गाठ, ग्लट-१ ला पॉझिटिव्ह असते, वाढतानाही आणि ओसरतानाही. कपोसिफॉर्म हिमँजिओएन्डोथेलिओमा ही वाहिन्यांची दुसरी गाठ निगेटिव्ह असते, आणि तिच्यात प्लेटलेट धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात. स्टेन फेल गेलेल्या साध्या हिमँजिओमाला ‘ग्लट-१ निगेटिव्ह’ लिहिलं तर चांगल्या बाळाच्या घरात आकांत होईल. इथे साक्षीदार शोधायला लांब जावं लागत नाही. वाहिन्यांमधल्या तांबड्या पेशीच ग्लट-१ ला तपकिरी येतात. त्या कोऱ्या असतील तर स्लाइड बाजूला ठेवा.

साक्षीदार मुका असेल तर आमच्याकडे दोष बहुतेक वेळा रिट्रीव्हलमध्ये सापडला आहे, म्हणजे फॉर्मलिनने झाकलेलं प्रथिन उकळून अँटिबॉडीसाठी पुन्हा उघडं करण्याच्या पायरीत. रिट्रीव्हलला स्वयंपाकाचा प्रेशर कुकर वापरतो आम्ही, आणि कुकर म्हटलं की हात शिट्ट्या मोजायला लागतो. शिट्ट्यांवर जाऊ नका. पूर्ण दाब आला की घड्याळ लावा, दर वेळी तेवढाच वेळ ठेवा, आणि लाइट गेली तर ती बॅच संपली असं समजा. बफर सायट्रेट सहा पीएचचा की ट्रिस-ईडीटीए नऊचा, ते अँटिबॉडीच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद फ्रिजच्या दारावरच लावून ठेवा. त्वचेचं सेक्शन उकळीत फार लवकर सुटतं, म्हणून चार्ज्ड स्लाइड (सेक्शन घट्ट धरणारी काच) आणि ६० अंशावर तासभर वाळवणं, यात काटकसर नको. आणि फ्रिज. भारनियमनात किंवा वादळानंतर लाइट आठ-आठ तास जाते तेव्हा दोन ते आठ अंशाला ठेवायची अँटिबॉडी आत कोमट होत असते आणि बाहेरून कुणाला कळत नाही. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर आत ठेवला आणि रोज सकाळी आल्या आल्या वाचला, तेव्हापासून ‘अँटिबॉडी कमजोर आली’ ही तक्रार बरीच कमी झाली.

सावळ्या बाळांच्या त्वचेत आणखी एक घोळ होतो. डॅबचा, म्हणजे अँटिबॉडी जिथे चिकटली ते दाखवणाऱ्या रंगाचा, तपकिरी आणि मेलॅनिनचा तपकिरी सारखेच दिसतात. शेजारी अँटिबॉडी न लावलेलं त्याच ब्लॉकचं सेक्शन ठेवा. तेही तेवढंच तपकिरी असेल तर ते मेलॅनिन. हिमॅटॉक्सिलिनच्या जागी गिम्सा काउंटरस्टेन दिला तर मेलॅनिन हिरवट होतं आणि डॅब तपकिरीच राहतो.

ब्लॉक वाचवा

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो इथे. तीन मिलिमीटरच्या पंचमध्ये गाठ जेमतेम एक-दीड मिलिमीटर. आज एच अँड ई कापलं. परवा टोल्युइडिनसाठी ब्लॉक पुन्हा मायक्रोटोमवर चढवला, पातळीत आणायला ट्रिम केला. पुढच्या आठवड्यात पुन्हा. दर वेळी ट्रिमिंगमध्ये कितीतरी सेक्शन ब्रशने झटकून कचऱ्यात जातात, आणि नागपूरला पाठवायची वेळ येते तेव्हा ब्लॉकमध्ये गाठच उरलेली नसते.

म्हणून बाळाची गाठ, आणि फॉर्मवर शंका स्पष्ट नाही, असं दिसलं की पहिल्याच दिवशी एका बैठकीत दहा-बारा सेक्शन कापून घ्या, चार मायक्रॉनचे. दोन एच अँड ईला, एक टोल्युइडिनला, बाकी चार्ज्ड स्लाइडवर न रंगवता नंबर टाकून ठेवा. उन्हाळ्यात मेण मऊ पडून सेक्शन चुरगळतात. ब्लॉक बर्फावर पालथा ठेवून एका वेळी दोन-तीनच काढा, पुन्हा बर्फावर. वेळ जातो, जाऊ द्या. न रंगवलेल्या स्लाइडही फार काळ ठेवू नका, महिने उलटले की काही अँटिजेन फिके पडत जातात.

बाहेर पाठवताना ब्लॉक आणि रंगवलेल्या स्लाइड दोन्ही पाठवा, सोबत ओल्या टोल्युइडिनचा मोबाइलवरचा फोटो छापून. त्या पोडावरच्या बाळाचं असंच पाठवलं होतं. सीडी११७ आणि ट्रिप्टेज पॉझिटिव्ह, सीडी१ए फक्त एपिडर्मिसमध्ये. आजीला सरांनी सांगितलं की पाणी कोमट घ्या, टॉवेलने घासू नका, टिपा, आणि कोणत्याही ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना ही गाठ दाखवा. आईला नागपूरला जावं लागलं नाही.

पाकीट एसटीच्या डिकीत किंवा ड्रायव्हरजवळ बॉनेटवर ठेवू देऊ नका, तिथे मेण पाझरतं. कापसात गुंडाळून स्टीलच्या छोट्या डब्यात घाला, डबा माणसाच्या मांडीवर. आतल्या चिठ्ठीवर ब्लॉक नंबर, फिक्सेटिव्ह कोणतं होतं, किती तास, साक्षीदार पेशींना रंग लागला होता की नाही, आणि लॅबचा फोन नंबर लिहा.